बोआकचे मोरियोनेस: कार्निवल नव्हे, नवस. तुमच्या दोन दिवसांच्या बेताबद्दल

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. २०२७ च्या मार्चअखेरीस तुम्ही मनिलाला भावाकडे जाताय. सोबत सत्तरीतले आईवडील आणि आठ वर्षांचा मुलगा. फिलिपिन्समधल्या मारिंदुके बेटावरच्या बोआक गावात रोमन सैनिकांच्या वेशातला ‘मुखवट्यांचा कार्निवल’, म्हणजे मोरियोनेस, असतो, असं तुमच्या वाचनात आलं. शनिवार-रविवारात तो बघून येता येईल का, गावाचा इतिहास काय आणि उत्सव सोडून तिथं बघण्यासारखं काही आहे का, एवढं तुम्हाला हवंय.

जरूर जा. पण शनिवार-रविवार पुरणार नाही, आणि ‘कार्निवल’ हा शब्द निघण्याआधीच डोक्यातून काढून टाका. मी बरीच वर्षं आठ-दहा जणांचे छोटे गट आग्नेय आशियात घेऊन जातो. बोआकला चारदा गेलोय. त्यातली पहिली खेप सपशेल फसली. ती आधी सांगतो, कारण तुमचा बेत जवळजवळ तसाच आहे.

त्या वेळी मनिलातल्या एका एजंटानं छातीठोकपणे सांगितलं होतं की लुसेनाहून बेटावर जाणारी बोट रात्रंदिवस चालू असते. आम्ही नऊ जण गुड फ्रायडेच्या सकाळी लुसेनाच्या दालाहिकान धक्क्यावर पोचलो. धक्का रिकामा. ऑफिसातल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, आज नाही, उद्या या. कॅथलिक देशात येशूच्या मरणाच्या दिवशी बोटी कमी सुटतात, कधी अजिबात सुटत नाहीत, हे मला ठाऊक असायला हवं होतं. अख्खा दिवस आणि रात्र चिवडा आणि बाकरवडीवर काढली. शनिवारी संध्याकाळी बोआकला पोचलो, रविवारी सकाळी गर्दीत घुसून शेवटचा प्रसंग पाहिला. मुखवटा घातलेल्या एका माणसामागं पंचवीस-तीस मुखवटेवाले धावताहेत, लोक ओरडताहेत, अखेर त्याचा शिरच्छेद होतो. सगळ्यांनी फोटो काढले, पण हे काय चाललंय ते कुणालाच उमगलं नाही. गुहागरकडचे एक काका तेवढे म्हणाले, “अहो, हा तर आपला संकासूर!”

काका नेमकं बोलले होते. ते वाक्य घेऊन मी पुढच्या वेळी पूर्ण आठवडा तिथं राहिलो.

कोकणात शिमग्याला संकासूर येतो. काळा वेश, उंच टोकदार मुखवटा, लोंबती जीभ, कमरेला घुंगरं. पोरं किंचाळत पळतात आणि थोड्या वेळानं हळूच पुन्हा जवळ येतात. जव्हार-मोखाड्याकडं बोहाड्यात देवादिकांचे लाकडी, कागदी मुखवटे नाचवतात, आणि अमुक मुखवटा नाचवायचा मान अमुक घराचा असतो. सोंग काढणं म्हणजे नाटक करणं नव्हे, त्यात मान असतो, नवस असतो, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. मारिंदुकेतला मोरियोन हा तसाच सोंग घेतलेला माणूस. त्याच्या सोंगामागं ‘पानाता’ असते. पानाता म्हणजे नवस. आई दुखण्यातून उठली, मुलगा समुद्रातून सुखरूप आला, किंवा हातून काही वाईट घडलं, म्हणून अमुक वर्षं मी पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्यात, मोरियोन होईन असं बोललेलं असतं. मार्च-एप्रिलच्या उन्हात जड मुखवटा आणि चिलखत घालून दिवसभर गाव पालथं घालणं हीच ती शिक्षा. जुन्या रीतीप्रमाणं मुखवट्याआड कोण आहे हे सांगायचं नसतं. आमच्या जीपनीचा, म्हणजे तिथल्या लांबट प्रवासी जीपचा, चालक पाच दिवस आम्हाला फिरवत होता. त्याचा भाऊ त्याच गावात मोरियोन होता, पण त्यानं शेवटपर्यंत तो आम्हाला दाखवला नाही.

आता गोष्ट. तिच्याशिवाय रविवारची पळापळ कळणार नाही. क्रुसावरच्या येशूच्या कुशीत एका रोमन शिपायानं भाला खुपसला, एवढंच योहानाच्या शुभवर्तमानात येतं. तिथं शिपाई बिननावाचा आहे. लोंगिनस हे नाव त्याला नंतरच्या कथांनी दिलं. मारिंदुकेत तो लोंगिनो. हा एका डोळ्यानं आंधळा होता. जखमेतून उडालेला रक्ताचा थेंब त्या डोळ्यावर पडला आणि त्याला दिसायला लागलं. पुढं कबरीवर पहाऱ्याला असताना त्यानं येशू उठलेला पाहिला आणि तो गावभर सांगत सुटला. ही बोलती जीभ बंद करायचा हुकूम निघाला आणि त्याच्याच सोबत्यांनी त्याला धरून त्याचं डोकं उडवलं. बेटावरचा खेळ हाच आहे. लोंगिनो पळतो, सापडतो, निसटतो, पुन्हा सापडतो. तिसऱ्यांदा निसटल्यावर मात्र त्याची सुटका नाही. या शेवटच्या प्रसंगाला ‘पुगुतान’, म्हणजे शिरच्छेद, म्हणतात. नंतर त्याचा ‘देह’ गावातून मिरवतात.

हे सगळं बोआकमध्ये सुरू झालं नाही. शेजारच्या मोगपोग गावात १८०७ मध्ये तिथले पाद्री दियोनिसियो सांतियागो यांनी ते सुरू केलं असं मानलं जातं, आणि मोगपोगकर ते ठासून सांगतात. बोआक ही प्रांताची राजधानी, मोठं चर्च तिथलं, राहायच्या सोयी तिथं, त्यामुळं बाहेरचे लोक बोआकचंच नाव घेतात. ‘मोरियोन’ हा मुळात सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश शिपायांच्या लोखंडी टोपाचा शब्द. म्हणजे रोमन शिपायाच्या डोक्यावर दीड हजार वर्षं पुढचा टोप बसलाय. मुखवटा मात्र कोरायचा सांतोल किंवा दापदापच्या लाकडात. दापदाप म्हणजे आपला पांगारा. मी बोआकमध्ये एका मुखवटेवाल्याच्या अंगणात लाकडाचा ठोकळा हातात घेतला, आणि झाड दाखवल्यावर पटलं. कोकणात शिमग्याच्या सुमारास लालभडक फुलतो तोच. लाकूड हलकं आणि मऊ, म्हणून कोरायला सोपं आणि डोक्यावर झेपणारं. हल्ली कागदाच्या लगद्याचे आणि फायबरचेही मुखवटे दिसतात, पण लाकडी मुखवट्याचा चेहरा वेगळाच. वटारलेले डोळे, दाढी, उघडं तोंड, राग आणि भीती एकदमच.

मोगपोगचे मोरियोन आणि बोआकचे मोरियोन दिसायला सारखे नाहीत. मोगपोगकडं टोपावर कागदी फुलांचा भार आणि वेश अधिक गावरान. बोआकमध्ये सिनेमातल्या रोमनांची छाप जास्त, चकाकतं चिलखत आणि पिसांचे तुरे. पर्यटन वाढलं तसे वेशभूषेच्या बक्षिसांचे कार्यक्रम आले, रंगमंच आले, दिवे आले. काही लोक यावर नाकं मुरडतात. मला विचाराल तर दशावतारात माइक आला म्हणून दशावतार संपला नाही, तसंच हे. पण स्पर्धेचा मोरियोन आणि नवसाचा मोरियोन यांत फरक करता यायला हवा. नवसवाला सहसा एकटा किंवा दोघा-तिघांच्या टोळक्यात, भर दुपारी, कॅमेरा नसलेल्या गल्लीत भेटतो.

तारखांचं गणित तुम्ही विचारलं नाही, पण ते लागेल. ईस्टर म्हणजे चर्चच्या हिशेबानं २१ मार्चच्या दिवशी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार. म्हणून काही वर्षी तो आपल्या होळीच्या पौर्णिमेला लागून येतो, काही वर्षी हनुमान जयंतीच्या. २०२७ मध्ये होळी पौर्णिमा २१-२२ मार्चची आहे आणि ईस्टर २८ मार्चला. म्हणजे गुहागरात संकासूर फिरत असेल त्याच आठवड्यात बोआकमध्ये मोरियोन फिरत असतील. २०२८ मध्ये मात्र ईस्टर थेट १६ एप्रिलला आहे, तेव्हा बेत वर्षभर पुढं ढकलायचा झाला तर तारखा ‘मार्चअखेर’ अशा डोक्यात ठेवू नका.

आता तुमच्या दोन दिवसांचं. मनिलाहून लुसेना बसनं तीन-चार तास, रहदारीवर अवलंबून. दालाहिकानहून बालानाकान बंदर बोटीनं साधारण तीन तास. तिथून बोआक जीपनीनं अर्धा-पाऊण तास. वाट बघणं धरलं की एका बाजूचा पूर्ण दिवस गेला. बेटावर गासानजवळ धावपट्टी आहे, पण विमानसेवा अधूनमधून चालू-बंद होत असते, तिच्यावर भिस्त ठेवून बेत आखू नका. पवित्र आठवड्यात अर्धा देश गावी निघतो. आपल्याकडं गणपतीला मुंबई-गोवा महामार्गाची जी गत होते, तीच दालाहिकानच्या रांगेची. त्यामुळं माझा सल्ला असा की बुधवारी, २४ मार्चला, पहाटे मनिला सोडा आणि सोमवारी २९ ला परत या. सुटी एवढी मिळणार नसेल तर शनिवारी धावत जाऊन रविवारी धावत येण्यापेक्षा हा उत्सव सोडा आणि डिसेंबरात जा. ८ डिसेंबरला बोआकच्या ग्रामदेवतेचा सण असतो, त्याच सुमारास ‘बिला-बिला’ म्हणजे फुलपाखरांचा उत्सव भरतो. बेटावर फुलपाखरांची शेती होते, विशेषतः गासानकडं, त्यावरून हे नाव. त्यात मुलगा जास्त रमेल, आणि बोट चुकली तरी जीव वर-खाली होणार नाही.

गेलात तर दिवस असे उलगडतील. सोमवारपासूनच मोरियोन रस्त्यावर असतात. घरांतून, छोट्या मांडवांतून ‘पाबासा’ ऐकू येते. येशूच्या यातनांचं पद्यचरित्र लोक आळीपाळीनं, न थांबता, लांबलचक सुरात गातात. आपल्याकडच्या पारायणाला बसलेल्या माणसाला वेगळं काही सांगायला नको. पाठ चुकला तर शेजारची आजी डोळा न उघडता दुरुस्त करते, हेही तसंच. रात्री ‘सेनाकुलो’, म्हणजे तेच कथानक नाटकात. गुरुवारी चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी आणि गावोगावची चर्चं पायी करण्याची रीत.

शुक्रवार सगळ्यात जड. दुपारी क्रुसाची वाट चालतात, आणि त्याच वेळी ‘आंतिपो’ दिसतात. स्वतःच्या उघड्या पाठीवर बांबूच्या तुकड्यांचे फटके मारून घेणारे लोक. रक्त येतं, खरं रक्त. चर्च याला उत्तेजन देत नाही, तरी ते चालतं. पोतराजाचा आसूड पाहिलेल्या आपल्या माणसांना धक्का थोडा कमी बसतो, पण आठ वर्षांच्या मुलाला हे दाखवू नका असं मी स्पष्ट सांगेन. दुपारी बारा ते तीन त्याला घेऊन खोलीत बसा. बाहेर तसंही सगळं बंद असतं. संध्याकाळची मिरवणूक मात्र सगळ्यांनी बघा. काचेच्या पेटीतली येशूची मूर्ती, फुलं, मेणबत्त्या, आणि तिच्यामागं मुखवट्यातले, त्या वेळी अगदी गप्प झालेले मोरियोन. दिवसभर पोरांना भेडसावणारे हेच लोक आता मान खाली घालून चालतात. मला विचाराल तर सबंध आठवड्यातलं बघण्यासारखं दृश्य हे. पुगुतानसुद्धा त्याच्यापुढं फिकी.

रविवारी पहाटे ‘सालुबोंग’. काळ्या बुरख्यातली मेरीची मूर्ती एका बाजूनं येते, उठलेल्या येशूची दुसऱ्या बाजूनं, दोघांची भेट होते आणि देवदूत झालेली एक छोटी मुलगी तिचा काळा बुरखा काढते. आईला यासाठी अंधारात उठवा, त्या तक्रार करणार नाहीत. त्यानंतर सकाळी नदीकाठच्या मैदानात पुगुतान. वडीलधाऱ्यांसाठी बसायची जागा हवी तर नाश्ता उरकून लवकर जाऊन बसा, उन्हाची टोपी आणि पाणी घेऊन.

आता गावाचा इतिहास. इथं थोडं थांबतो, कारण बहुतेक प्रवासी मुखवट्यांपुढं जातच नाहीत.

बोआकचं चर्च टेकाडावर आहे आणि किल्ल्यासारखं जाडजूड आहे, कारण ते किल्ला म्हणूनही वापरायचं होतं. अठराव्या शतकात दक्षिणेकडच्या मोरो लोकांच्या धाडी या बेटांवर सतत पडत. माणसं धरून नेऊन गुलाम म्हणून विकत. धाड आली की गाव चर्चच्या भिंतीआड जायचं. आतल्या देवीचं नावच ‘बिग्लांग-आवा’ची माता, म्हणजे अचानक कृपा करणारी. धाडीच्या वेळी तिनं वादळ उठवून गाव वाचवलं, अशी कथा सांगतात. बालानाकान बंदरात उतरताना तिचाच मोठा पुतळा तुमच्यासमोर येईल. चर्चखालच्या चौकाभोवती स्पॅनिश काळातली दुमजली घरं आहेत. खाली दगड, वर लाकूड, आणि खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्याचे पातळ चौकोन. गोव्यात जुन्या घरांना असतात तेच. चौकातच राष्ट्रीय संग्रहालयाची शाखा आहे. आसपासच्या समुद्रात बुडालेल्या जहाजांतून काढलेली चिनी मातीची भांडी तिथं बघायला मिळतात. एक तास पुरे.

मग १९००. स्पेनला हटवून अमेरिका आली आणि फिलिपिनोंचं युद्ध आता तिच्याशी जुंपलं. १३ सप्टेंबर १९०० ला तोरिहोसजवळच्या पुलांग लुपा, म्हणजे ‘लाल माती’, या डोंगरात माक्सिमो आबाद यांच्या गनिमी दलानं कॅप्टन डेव्हरो शील्ड्सची पन्नासेक जणांची अख्खी तुकडी कोंडली. काही मारले गेले, बाकी सगळे, जखमी कप्तानासकट, कैद झाले. आबाद यांच्याकडं बंदुका थोड्या होत्या, कोयतेवालेच जास्त. अमेरिकेत निवडणुकीचं वर्ष होतं, त्यामुळं ही नामुष्की फार झोंबली. पुढं मोठी कुमक आली, पंधरा वर्षांवरचा प्रत्येक पुरुष शत्रू समजा असा हुकूम आला, शेतं-घरं जाळून लोकांना ठरावीक गावांत कोंडलं गेलं, आणि १९०१ च्या एप्रिलात आबाद शरण आले. ती जागा आज स्मारक आहे, तिथून समुद्र लांबवर दिसतो. मावळातल्या खिंडी चढलेल्या माणसाला कोयत्यांनी बंदुका कशा धरल्या हे तिथं उभं राहिल्यावर लगेच कळतं. मारिंदुके स्वतंत्र प्रांत झाला १९२० मध्ये. त्याआधी तो कधी याच्या तर कधी त्याच्या पदरात असायचा.

तिसरी गोष्ट बोआकच्या नदीची. त्याच नदीची, जिच्या काठावर तुम्ही पुगुतान बघणार. बेटाच्या पोटात तांबं आहे. १९६९ पासून मार्कॉपर कंपनी ते काढत होती. एका जुन्या खाणखड्ड्यात तांबं काढून उरलेला गाळ साठवला होता, आणि खड्ड्याखालच्या बोगद्याला काँक्रीटचं बूच मारलं होतं. २४ मार्च १९९६ ला ते बूच फुटलं. सोळा लाख घनमीटरच्या आसपास गाळ मकुलापनित आणि बोआक नद्यांत उतरला. गावं खाली करावी लागली, आणि नदीत जीव उरला नाही असा निर्वाळा संयुक्त राष्ट्रांच्या पथकानं दिला. देशातल्या सर्वांत वाईट खाण-अपघातांत हा धरला जातो. खाण बंद पडली, कोर्टकज्जे वर्षानुवर्षं चालले. तुम्ही बुधवारी पोचलात तर योगायोगानं त्या घटनेला बरोबर ३१ वर्षं होतील. नदीचा विषय तुम्ही काढू नका. पण कुणी काढला तर ऐका. एका म्हातारबाबांनी मला पुलावरून हात करून दाखवलं होतं, “इथं कोळंबी हातानं धरायचो.” पुढं ते काही बोलले नाहीत.

उत्सव सोडून काय बघायचं, हे तुमच्या आईवडिलांच्या गुडघ्यांवर आणि समुद्राच्या मूडवर अवलंबून आहे. बेटाला वळसा घालणारा रस्ता आहे, एका दिवसात गाडीनं फेरी होते. मला सर्वांत आवडतो तो सांता क्रुझकडचा भाग. तिथून छोट्या बोटीनं मानिवाया बेटावर जाता येतं, आणि पालाद नावाची एक वाळूची पट्टी आहे जी फक्त ओहोटीला वर येते. आधी पाणी, मग पावलाएवढी वाळू, मग बघता बघता चालण्याजोगं बेट, आणि दोन-तीन तासांत पुन्हा पाणी. मुलगा ते जन्मभर विसरणार नाही. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बोटवाल्याला विचारूनच निघा, सकाळी दहाला पोचून कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिलेले लोक मी पाहिलेत. आजी-आजोबांना बोटीत चढ-उतार जमणार नसेल तर तोरिहोसचा पोकतोय किनारा बरा. पांढरी वाळू, उथळ पाणी, आणि पाठीशी मालिंदिग. ११५७ मीटरचा हा झोपलेला ज्वालामुखी बेटाच्या दक्षिण टोकाला आहे. त्याच्या पायथ्याशी बुएनाविस्तात गंधकाचे गरम झरे आहेत, वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांसारखे, वासासकट. गासानसमोर तीन राजांची बेटं आहेत, गास्पार, मेल्चोर, बाल्ताझार. गास्पारवर उतरता येतं. गुहा, धबधबे आहेत, पण तुमच्या कुटुंबाला घेऊन मी त्या वाटेला जाणार नाही.

एक गोष्ट मात्र चुकवू नका, आणि ती उत्सवाच्या धामधुमीबाहेरही मिळते. ‘पुतोंग’. पाहुण्याला खुर्चीवर बसवतात, बायका गात-नाचत पुढं येतात, डोक्यावर फुलांचा मुकुट ठेवतात, अंगावर पाकळ्या आणि नाणी उधळतात आणि “मबुहाय!” म्हणतात. मबुहाय म्हणजे शब्दशः ‘जगा’. औक्षण शब्दात आयुष्यच आहे. माझ्यासोबतच्या एका आजींनी ते झाल्यावर पर्समधून कुंकवाची डबी काढली आणि गाणाऱ्या बाईला कुंकू लावलं. दोघींना एकमेकींची भाषा शून्य येत होती, तरी काही अडलं नाही. राहायच्या ठिकाणी आधी सांगून ठेवलं तर बहुतेक ठिकाणी पुतोंगची व्यवस्था करून देतात. त्यासाठी मोबदला द्यायचा, आणि उधळलेली नाणी पोरं गोळा करतात ती त्यांचीच.

खाण्याचं तुम्ही विचारलं नाही, पण नाशिकहून आईवडील येणार म्हणजे तो प्रश्न आहेच. एरवी या देशात शाकाहारी माणसाचे हाल होतात. पवित्र आठवड्यात मात्र अनेक घरांत मांस वर्ज्य असतं आणि ‘गिनाताआन’ शिजतं. नारळाच्या दुधात साबुदाणा, रताळं, अळकुड्या, केळं. आपलं उपवासाचं सामानच की. बेटाची खासियत म्हणजे आरारूटची बिस्किटं, ‘उरारो’. तोंडात टाकली की विरघळतात, दात नसले तरी चालतं. भाजी मागताना मात्र ‘वालांग कार्ने, वालांग इस्दा, वालांग पातिस’ असं म्हणा, म्हणजे मांस नको, मासे नको, माशांचा रस नको. शेवटचा शब्द विसरलात तर भोपळ्याच्या भाजीत सुद्धा तो असणार. एक छोटा कुकर आणि मुगाची डाळ घेऊन जा. मी स्वतः नेतो आणि त्याची लाज वाटत नाही.

उरलेलं पटापट. जून २०२५ पासून भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी १४ दिवस व्हिसाशिवाय प्रवेश आहे, पण ही मुदत वाढवून मिळत नाही. परतीचं तिकीट आणि राहायच्या जागेचा पुरावा जवळ हवा. नियम बदलतात, तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या पानावर बघा. बोआकमधल्या खोल्या जानेवारीतच संपतात. नाही मिळाली तर गासान किंवा मोगपोगमध्ये घ्या, दोन्ही जवळ आहेत. मोगपोगला राहिलात तर एका परीनं बरंच, जुनी सोंगं दाराशी येतील. रोख पेसो मनिलातूनच घ्या, गुरुवार-शुक्रवार बँका बंद आणि एटीएमसमोर रांगा. नवसवाल्या मोरियोनचा फोटो काढताना हात जोडून खुणेनं विचारा. त्याचा मुखवटा ओढायचा नाही, मुलालाही हे आधी बजावा. पैसे देऊ नका, त्यानं मागितले तर तो नवसवाला नाही हे ओळखा.

आणि मुलगा घाबरेल का, असं तुम्ही शेवटी कंसात विचारलंय. घाबरेल. पहिल्या दिवशी तुमच्या मागं लपेल, दुसऱ्या दिवशी एखाद्या मोरियोनच्या चिलखताला बोट लावून पळेल. आमच्या गटातल्या सात वर्षांच्या मुलीनं तिसऱ्या दिवशी एका मोरियोनला आपल्या बाटलीतलं पाणी देऊ केलं. तो थांबला. मुखवटा न काढता, उघड्या लाकडी तोंडातून त्यानं कसंबसं पाणी प्यायलं, बाटली परत केली आणि भाला जमिनीवर आपटून तिला अशी काही डरकाळी दिली की ती आनंदानं किंचाळत गल्लीच्या टोकापर्यंत पळाली.